काळजीची वाटणी

मार्च सरत आलेला असतो. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगराखालच्या गावांतून पहाटे चारलाच बाया टोपल्या घेऊन बाहेर पडतात. मोहाची फुलं अंधारातच टपटपायला लागतात. उशीर झाला की गुरं खातात, रानडुकरं खातात, कधी अस्वलही येऊन जातं. या दिवसांतलं असं एक घर डोळ्यांपुढे आणा. दोन महिन्यांपूर्वी घरातला म्हातारा सकाळी खाटेवरून उठायला गेला आणि उजव्या अंगावर कोसळला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. आता तो ओसरीतल्या खाटेवर पडून आहे. सून टोपली घेऊन दारात उभी आहे. निघावं तर सासऱ्याचं अंथरूण ओलं आहे. अंथरूण बदलत बसावं तर मोहफूल हातचं जातं, आणि मोहफूल म्हणजे या घराच्या मीठ-तेलाचे पैसे. नवरा खाणीवर पाळीला गेलेला आहे. दीर मिरची तोडायला तेलंगणात आहे. सासूचे गुडघे धरलेले आहेत. शिकलेला नातू आश्रमशाळेत आहे. ‘सारं माह्याच अंगावर आलं,’ एवढंच ती म्हणते, तेही स्वतःशीच.

दवाखान्याच्या कागदावर या घरात रुग्ण एकच आहे. त्याच्या नावावर रक्तदाबाच्या गोळ्या लिहिल्या आहेत. दारात उभ्या असलेल्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. रात्रीत तीनदा उठून तिची कंबर गेली आहे, तिचं जेवण सुटलं आहे, परवा ती सासऱ्यावर ओरडली आणि मग चुलीपाशी बसून रडली. म्हातारा पडल्यापासून मुलगा घरी कमी आणि बाहेर जास्त असतो. सासू बोलायचीच थांबली आहे. अशा वेळी उपचार करायचा कुणावर? माझं उत्तर सरळ आहे: सगळ्या घरावर. म्हाताऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी असलेला कुटुंबोपचार याच जागी सुरू होतो.

घर हाच रुग्ण

कुटुंबोपचाराच्या मुळाशी असलेली गोष्ट कुणाही खेडुताला पटेल अशी आहे. घर म्हणजे एकमेकांना बांधलेल्या दोऱ्या. एक दोरी ओढली की सगळ्या ताणतात. म्हणून एका माणसाचं दुखणं समजून घ्यायचं तर त्याच्या भोवतीच्या माणसांना एकत्र बसवून ऐकावं लागतं. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत नेथन ॲकरमन, मरे बोवेन, साल्वादोर मिनूचिन, व्हर्जिनिया सॅटिर यांनी या विचाराला शास्त्राचं रूप दिलं. तोवर मानसोपचार म्हणजे बंद खोलीत डॉक्टर आणि रुग्ण असे दोघेच, अशी रीत होती.

आपल्याकडे ही वाट वेगळ्या कारणाने आणि जवळपास त्याच काळात सापडली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. घरची माणसं रुग्णासोबत राहिली, त्याची शुश्रूषा करायला शिकली, आजाराविषयीचं भय त्यांच्या मनातून गेलं, आणि रुग्ण बरा झाल्यावर त्याला टाकून न देता ती घरी घेऊन गेली. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नातेवाइकासह रुग्णाला दाखल करण्याची पद्धत रुजवली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत कुटुंबासाठी स्वतंत्र मानसोपचार केंद्र उभं राहिलं. परदेशात कुटुंबाला मुद्दाम बोलवावं लागत होतं. आपल्याकडे ते रुग्णाच्या उशाशी आधीच बसलेलं होतं, त्याला फक्त उपचारात सामील करून घ्यायचं होतं.

पण उशाशी बसलेलं कुटुंब आपोआप शहाणं असतं, असं समजणं चुकीचं ठरेल. ‘आपल्याकडे म्हाताऱ्यांना घरचेच सांभाळतात’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. ‘घरचे’ म्हणजे नेमकं कोण, हे मात्र विचारत नाही. बहुतेक वेळा ती एकटी बाई असते: सून, बायको किंवा लेक.

गडचिरोलीतला लकवा

म्हातारपणाचे आजार हे शहरातल्या सुखवस्तू माणसांचे, जंगलातल्या माणसांना हिवताप आणि कुपोषण, असा एक समज आहे. गडचिरोलीतल्याच संशोधनाने तो खोटा ठरवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘सर्च’ या संस्थेत मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूची कारणं शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले आढळले. म्हणजे साधारण दर सात मृत्यूंमागे एक. या गावांमध्ये मृत्यूचं सर्वांत मोठं कारण पक्षाघात हेच होतं, आणि त्याने गेलेल्या बहुतेकांनी शेवटचा श्वास घरीच घेतला.

या शेवटच्या गोष्टीकडे मला वाचकांचं लक्ष वेधायचं आहे. मृत्यू घरी झाला, याचा अर्थ त्याआधीचे दिवस, आठवडे, कधी वर्षंही घरीच गेली. पाठ दुखेपर्यंत उचलणं, भरवणं, पुसणं, हे सगळं घरच्यांनी केलं, बहुतेकदा कुणी काही न शिकवता.

दुसरा मोठा आजार स्मृतिभ्रंशाचा. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या जवळपास ८८ लाख भरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण जास्त आढळलं. तरी खेड्यात ‘आमच्या बुढीला स्मृतिभ्रंश आहे’ असं कुणी म्हणताना ऐकू येत नाही. ‘बुढी चळली’, ‘वय झालं’, ‘कुणी काही केलं’, अशा शब्दांत तो आजार लपून राहतो.

म्हणून कुटुंबोपचाराची पहिली पायरी म्हणजे आजाराची ओळख. इथे गडचिरोलीत एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, माणसं ओळखेनासं झालं, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी पुढे सरकतो. अचानक आलेल्या भ्रमामागे ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, एखादं औषध किंवा अचानक बंद झालेली दारू असू शकते. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा बोजा हा जिल्हा वाहतो. तेव्हा तापात बरळणाऱ्या म्हाताऱ्याची आधी आशाताईंकडे रक्ताची तपासणी झाली पाहिजे आणि लगेच दवाखाना गाठला पाहिजे. याउलट, गप्प झालेली, न जेवणारी, कशातच रस नसलेली आजी विसराळू वाटली, तरी तिला खरं म्हणजे उदासीनतेचा आजार असू शकतो आणि तो औषधाने व बोलण्याने बरा होतो. पक्षाघातानंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला असं नैराश्य येतं. घरच्यांना वाटतं, बुढा हट्टी झाला, व्यायाम करत नाही. त्याच्यात तो करण्याची उमेदच उरलेली नसते.

गोव्यातली घरभेट

‘इतके तज्ज्ञ जंगलात आणायचे कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर गोव्यातून आलं.

१९९८ साली जगभरातल्या काही संशोधकांनी एक गट स्थापन केला आणि त्याला ‘१०/६६’ असं नाव दिलं. स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांपैकी सुमारे ६६ टक्के विकसनशील देशांत राहतात, पण त्यांच्यावर होणारं संशोधन एकूण संशोधनाच्या १० टक्क्यांहूनही कमी आहे, हे त्या नावात होतं. या विचारातून गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत एक प्रयोग केला. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेली ८१ कुटुंबं त्यात होती. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या, मनाने हळव्या आणि चिकाटीच्या कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार केलं. सहा महिने हे सल्लागार साधारण दर पंधरा दिवसांनी घरी जात. आजार काय आहे ते सांगत, रोजची कामं सोपी कशी करावीत ते दाखवत, रुग्ण चिडला, भटकला, संशय घेऊ लागला तर काय करावं ते समजावत, आणि सांभाळणाऱ्याची विचारपूस करत. त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ होते.

२००८ साली प्रसिद्ध झालेला या प्रयोगाचा निष्कर्ष मन लावून वाचण्यासारखा आहे. रुग्णाची कामं करण्याची क्षमता किंवा त्याच्या वागण्यातल्या अडचणी यांत लक्षणीय फरक पडला नाही. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य मात्र सुधारलं, आणि रुग्णाच्या वागण्याने त्यांना होणारा त्रास लक्षणीय कमी झाला. आजार होता तिथेच राहिला, घराच्या खांद्यावरचं वजन हलकं झालं. औषधाने न बरं होणाऱ्या दुखण्यात यापेक्षा मोठी मदत कोणती?

त्याच टीमने पुढे गोव्यातल्याच साठीपुढच्या १८१ जणांसोबत दुसरा प्रयोग केला. या लोकांमध्ये उदासीनतेची सुरुवातीची चिन्हं होती, पूर्ण आजार नव्हता. साध्या कार्यकर्त्यांनी त्यांना अडचणी एकेक करून सोडवायला, झोप नीट लावायला, मधुमेह-रक्तदाब सांभाळायला शिकवलं आणि सरकारी योजना मिळवून द्यायलाही मदत केली. वर्षभरात मदत मिळालेल्या ९१ जणांपैकी चौघांना नैराश्याचा आजार झाला. नेहमीची सेवा मिळालेल्या ९० जणांत ही संख्या १३ होती.

न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटेलमन यांनी १९८७ पासून केलेल्या अभ्यासाचं सूत्रही असंच होतं. अल्झायमर झालेल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्यांसोबत काही मोजक्या बैठका झाल्या, त्यांतल्या चार सगळ्या कुटुंबासह. शिवाय लागेल तेव्हा फोनवर सल्ला. ज्यांना ही मदत मिळाली, त्यांनी रुग्णाला घरी सांभाळण्याचा काळ जवळपास ३२९ दिवसांनी वाढला, म्हणजे जवळजवळ एक वर्ष. सूरजागडमध्ये वृद्धाश्रमात ठेवण्याचा पर्यायच नाही. इथे ते वर्ष वाढत नसतं, ते काढायचंच असतं. म्हणून ते कुणाचा जीव न जाळता कसं काढता येईल, हाच इथला प्रश्न आहे.

खड्यांचा हिशोब

आता पुन्हा त्या ओसरीत येऊ. समजा, प्रशिक्षण घेतलेली एखादी कार्यकर्ती त्या घरी आली आहे. ती काय करेल?

आधी ती सगळे कधी सापडतील ते विचारेल. या मुलखात बैठकीची वेळ घड्याळावर ठरत नाही. मोहफूल, मग मे महिन्यात तेंदूपत्ता, मग धानाची रोवणी, कापणी, आणि जानेवारीपासून मिरचीसाठी परजिल्ह्यात, परराज्यात जाणं, या चक्रावर घर चालतं. खाणीवरच्या पाळ्या आता त्यात भर घालतात. ज्या दिवशी मुलाची पाळी सुटेल, त्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी बसायचं, असं ठरतं. सूनही बसली पाहिजे. ती आत चुलीपाशी राहणार असेल तर बैठक चुलीपाशी होईल. आणि म्हाताऱ्याची खाटही जवळ ओढून घ्यायची. त्याच्याविषयी बोलायचं आणि त्याला वगळून बोलायचं, हा त्याच्यावरचा मोठा अन्याय आहे. त्याला बोलता येत नाही, पण बहुतेक सगळं समजतं. हो-नाही मान हलवून सांगता येतं. उजव्या अंगाच्या लकव्यात वाचा गेलेला माणूस कधीकधी लहानपणापासून गायलेल्या रेला गाण्याच्या ओळी गुणगुणू शकतो, कारण ओळखीचं गाणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. असं झालं की बायकोच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि बोलायची थांबलेली तीही त्याच्यासोबत गायला लागते.

मग अंगणातले मूठभर खडे घ्यायचे. एकेक काम मोठ्याने म्हणायचं. सकाळी उठवतं कोण? अंथरूण कोण बदलतं? दर दोन तासांनी कुशीवर कोण वळवतं, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत? भरवतं कोण? गोळ्या कोण देतं? रात्री कोण उठतं? दवाखान्यात कोण नेतं? ज्याचं काम, त्याच्यापुढे खडा. पंधरा मिनिटांत चित्र समोर येतं. सुनेपुढे खड्यांची रास, सासूपुढे दोन, मुलापुढे एक, तोही दवाखान्याच्या गाडीभाड्याचा. तिथे कुणी कुणाला बोल लावत नाही. खडेच बोलतात. मुलगा त्या राशीकडे बराच वेळ बघत राहतो.

यात एक सुंदर योगायोग आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ इव्हान बोसोर्मेनी-नाज यांनी १९७३ साली मांडलं की प्रत्येक कुटुंबात एक न लिहिलेली हिशोबवही असते. कुणी कुणासाठी काय केलं, कुणाचं काय राहून गेलं, हे पिढ्यान्‌पिढ्या त्या वहीत चढत जातं. माणूस आजारी पडला की ती वही उघडते. खाटेवरच्या त्या बापाने उमेदीच्या वयात दारू पिऊन मुलाला मारलेलं असू शकतं. आज त्याच मुलाला बापाची लघवी उचलायची आहे. मुलगा बाहेर राहतो तो बाप नकोसा झाला म्हणून नव्हे. बापाजवळ गेलं की जुना मार आठवतो. हे तो पहिल्यांदा बैठकीत बोलतो. खाटेवरचा म्हातारा डावा हात पुढे करतो. अशा क्षणाला उपदेश करायचा नसतो. कुटुंबोपचारकाचं काम एवढंच की तो क्षण घाईने संपू द्यायचा नाही.

मग वाटणी. मुलाने ठरवलं, पाळी संपली की रात्रीचं एक वळवणं आणि सकाळची आंघोळ त्याची. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू घरी येईल तेव्हा गोळ्यांचं काम त्याचं. शेजारची बाई मोहफूल संपेपर्यंत पहाटे तासभर बसेल. सासू बसल्या बसल्या भरवेल, कारण भरवायला गुडघे लागत नाहीत. कार्यकर्ती तिथेच दाखवते: खाटेवर पाठ टेकून उंच बसवायचं, छोटा घास, गिळल्यावरच दुसरा. खोकला आला तर थांबायचं, नाहीतर अन्न छातीत जातं. लकव्याचा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. रक्तदाबाची गोळी बरं वाटलं तरी बंद करायची नाही.

जाताना ती सुनेला बाजूला घेऊन विचारते, ‘तुझी झोप कशी हाय?’ आजवर हे कुणी विचारलेलं नसतं.

भाषा, पुजारी आणि पैसा

ही बैठक सोपी वाटते, पण तिच्यात तीन अडथळे हमखास येतात.

पहिला भाषेचा. इथली बरीच घरं माडिया बोलतात, आणि म्हाताऱ्या माणसांपैकी अनेकांना मराठी कामापुरतीच येते. मग शाळेत जाणारं मूल दुभाषी होतं. शिकलेल्या दहा वर्षांच्या नातीने आजोबांना सांगायचं की तुमचा आजार बरा होणार नाही; आईने सासूबद्दल जे म्हटलं ते नातीने डॉक्टरांना सांगायचं. हे लेकराच्या माथ्यावर नको इतकं ओझं आहे. शारीरिक दुखणं सांगायला मूल दुभाषी चालेल, पण घरातलं मनातलं बोलणं माडिया जाणणाऱ्या मोठ्या माणसाकडूनच व्हायला हवं. हेमलकशाला १९७३ पासून चालणाऱ्या लोकबिरादरी प्रकल्पाने आणि ‘सर्च’ने आदिवासी माणसाच्या रीतीभातीशी जुळवून घेत दवाखाना कसा चालवायचा ते दाखवलं आहे. तीच रीत मनाच्या उपचारालाही लागू आहे.

दुसरा अडथळा पुजाऱ्याचा, असं आपण शहरातून म्हणतो. मला तो अडथळा वाटत नाही. लकवा म्हणजे वारं गेलं, देवाचा कोप झाला, कुणी करणी केली, असं घर म्हणतं तेव्हा त्या बोलण्यात भीतीही असते आणि आपला काय दोष होता, असा प्रश्नही असतो. पुजारी पूजा करतो, घरच्यांना धीर देतो. त्याच्यापासून रुग्णाला तोडायचं नसतं. मात्र लकवा झाल्यावर पहिले काही तास दवाखान्यासाठीच आहेत, आणि ‘आधी गाडी, मग पूजा’ हे पुजाऱ्याच्याच तोंडून घरच्यांना ऐकू आलं पाहिजे. एखादीवर करणीचा आळ येत असेल तर कार्यकर्तीने तिथे गप्प बसू नये. त्या आळाने दुसरं घर उद्ध्वस्त होतं.

तिसरा अडथळा पैशाचा. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन म्हाताऱ्याच्या नावावर येतं, ते काढतं कोण, खर्च कुणावर होतो, यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे होतात. कुटुंबोपचारात पैशाचं बोलणं टाळणं म्हणजे जखमेवर कापड टाकून पुढे जाणं. ते खड्यांसारखंच उघड मांडायला हवं. आणि हेही सांगायला हवं की आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा त्यांच्या बाजूने आहे. उपेक्षा झाल्यास त्याखाली दाद मागता येते. पण कायद्याचा दरवाजा ठोठावण्याआधी बहुतेक घरांना एका नीट बैठकीची गरज असते. सांभाळून थकलेला माणूस कठोर होतो. त्याला गुन्हेगार ठरवण्याआधी त्याचा भार उतरवून पाहावा. मारहाण, उपाशी ठेवणं किंवा कोंडून ठेवणं दिसलं तर मात्र म्हाताऱ्याचं रक्षण आधी, बैठक नंतर.

आरोग्यदूतांच्या जिल्ह्यात

‘हे सगळं कार्यकर्तीने करावं?’ असं कुणी विचारलं तर मी त्यांना याच जिल्ह्याचा इतिहास सांगेन. १९९५ साली ‘सर्च’ने गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळ कसं तपासायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं, हे सगळं त्या घरी जाऊन करू लागल्या. तेव्हा मोठमोठे बालरोगतज्ज्ञ शंका घेत होते. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं, १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटींना हाच आधार मिळाला.

जन्मलेल्या बाळासाठी जे घरोघरी झालं, ते निघून जाणाऱ्या म्हाताऱ्यासाठी का होऊ नये? आशाताई आणि आरोग्यसेविकांना दर महिन्याची एक घरभेट ‘सांभाळणाऱ्या बाईसाठी’ म्हणून ठरवून देता येईल. त्यांच्यामागे तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर, जिल्ह्याचा मनोविकारतज्ज्ञ उभा राहील. देशभरात २०२२ पासून सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर, आणि ज्या घरात पडून असलेलं माणूस आहे त्या घराच्या दारावर, खडूने लिहिता येईल. डोंगरात रेंज मिळत नाही तिथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी फोन करता येतो. मध्यरात्रीचा आधार मात्र गावातल्या कार्यकर्तीलाच द्यावा लागेल. त्यासाठी तिला मोबदला मिळायला हवा. सेवा म्हणून तिला फुकट राबवलं तर ज्या अन्यायाला आपण औषध शोधतो आहोत, तोच अन्याय आपण तिच्यावर करू.

गोटुलातलं बोलणं

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं स्थान आहे. दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला इलाख्यातल्या सत्तर गावांची माणसं तिथे जमतात. म्हातारी माणसं चालत येतात, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना तरुण घेऊन येतात. यात्रेला म्हातारा खांद्यावर उचलायला दहा हात पुढे येतात. त्याच म्हाताऱ्याला घरी कुशीवर वळवायला मात्र दोनच हात असतात, बांगड्या घातलेले.

इथल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा हंगाम स्वतः चालवतात. कुणी किती पुडे बांधले, किती पैसे आले, कुणाच्या वाट्याला किती, हे सगळ्यांसमोर मांडलं जातं. ७० पानांचा पुडा असतो, आणि एक पुडासुद्धा कुणाच्या नावावरून हरवू दिला जात नाही. ज्या गावाला पानांचा इतका चोख हिशोब ठेवता येतो, त्या गावाला म्हाताऱ्याच्या काळजीचाही हिशोब ठेवता येईल. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक बैठकघरात, बसून गावाने वर्षातून एकदा विचारावं: कुणाच्या घरात पडून असलेलं माणूस आहे? तिथे कोण उठतं रात्री? त्याला कोणी हात द्यायचा? हा प्रश्न विचारला गेला की कुटुंबोपचार दवाखान्यातून निघून गावात आला असं समजावं.

त्या घरात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सून पहाटे चारला टोपली घेऊन निघाली. शेजारची बाई ओसरीत बसली होती. मुलाने रात्री एकदा बापाला कुशीवर वळवलं होतं, आणि पाठीखालची घडी नीट बसली नव्हती. सकाळी परतल्यावर सुनेने ती सरळ केली, पण त्याला काही म्हटलं नाही. संध्याकाळी त्याने स्वतःच विचारलं, ‘कसा बसवायचा ते दाखव.’ तिने चादर हातात घेतली आणि दाखवलं.